कोपरावरची खाज आणि घरातला गहू

प्रश्न धायरीहून एका ताईंचा आहे. त्यांचं पत्र थोडक्यात असं: "माझे मिस्टर ३८ वर्षांचे, चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतात. तीन वर्षांपासून दोन्ही कोपरं, गुडघे आणि बैठकीच्या जागी बारीक पाण्याचे फोड येतात. खाज इतकी की रात्र रात्र झोप नाही. खरूज समजून घरातल्या सगळ्यांनी दोनदा अंगभर औषध लावलं. ट्यूब लावली की आठ दिवस बरं, मग परत तेच. आता नव्या डॉक्टरांनी डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिसचा संशय सांगितलाय. कातडीचे दोन तुकडे आणि रक्त तपासायचं, मग डॅप्सोनची गोळी, आणि गहू कायमचा बंद. ह्यांना पोटाचा काहीच त्रास नाही, मग गहू का बंद? मेडिकलवाले म्हणाले, ही तर कुष्ठरोगाची गोळी. ते ऐकल्यापासून सासूबाईंनी ह्यांचं ताट वेगळं ठेवलंय. गहू आजपासूनच थांबवू का? मुलांना होईल का? मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. ती वर्गात सगळ्यात ठेंगणी आहे."

ताई, आधी त्या ताटाचं बोलतो. ते आजच सगळ्यांच्या ताटांत परत ठेवा. तुमच्या मिस्टरांना ज्याचा संशय आहे तो आजार कुष्ठरोग नाही आणि तो एकाचा दुसऱ्याला होतही नाही. शिवण्याने, एका टॉवेलने, एका अंथरुणाने, कशानेच नाही. आणि सासूबाईंना एवढंही सांगा की कुष्ठरोग असता तरी ताट वेगळं करायची गरज नव्हती. पंचवीस वर्षं पुण्यात त्वचारोगाचे रुग्ण पाहतोय. आजाराइतकंच या वेगळ्या ताटाने माणूस खचताना मी पाहिलंय.

नावातल्या 'हर्पेटिफॉर्मिस'वरूनही लोक घाबरतात. नागिणीच्या जातीचा काही विषाणू असेल असं वाटतं. विषाणूचा इथे काही संबंध नाही. नागिणीसारखे पुंजक्या-पुंजक्याने फोड येतात, एवढ्याच साम्यावरून फिलाडेल्फियाच्या लुई ड्यूरिंग यांनी १८८४ मध्ये हे नाव दिलं. गव्हाशी नातं कळायला त्यानंतर ऐंशी वर्षं गेली. १९६६ मध्ये काही ब्रिटिश डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या लहान आतड्याची तपासणी केली आणि गव्हाने होणाऱ्या सीलिअॅक आजारात आतड्याची जशी हानी होते तशीच तिथे सापडली. पोटाची तक्रार नसलेल्या रुग्णांतसुद्धा.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर इथेच आहे, म्हणून जरा उलगडून सांगतो.

गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं परदेशी धान्य) या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक भिजवल्यावर तिला जी चिवट लवचीकता येते ती त्याचीच. काही माणसांत जन्मतःच अशी जनुकं असतात (डीक्यू२ किंवा डीक्यू८ नावाची) की त्यांच्या आतड्यातली संरक्षण यंत्रणा ग्लुटेनच्या तुकड्यांना शत्रू समजू शकते. लहान आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, अन्नातला कस तेच शोषून घेतात. या चुकीच्या लढाईत ते झिजतात. त्याच वेळी शरीर आयजीए जातीची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करतं. त्यांतली काही कातडीत असलेल्या ट्रान्सग्लुटामिनेज नावाच्या एन्झाइमला चिकटतात आणि कातडीच्या वरच्या थराखाली कणाकणाने साचून बसतात. मग न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, त्यांच्या रसायनांनी दोन थर एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये पाणी भरतं. तोच फोड. कोपर, गुडघा, बैठक, खांदे, मानेच्या वरचा केसांतला भाग या जागी सतत घासलं-दाबलं जातं. फोड तिथेच का येतात, याचं कारण बहुधा हेच.

म्हणजे आजार उमटतो कातडीवर, पण घडतो आतड्यात. यातल्या बहुसंख्य रुग्णांना जुलाब नसतात, पोट दुखत नसतं, वजनही बरं असतं. तरी आतड्याचा तुकडा तपासला तर त्यांतल्या बहुतेकांत काही ना काही बदल दिसतो. 'पोटाचा त्रास नाही' म्हणजे 'पोट ठीक आहे' असं इथे धरता येत नाही. रक्तातलं लोह कमी होत राहणं, कायमचा थकवा, हाडं ठिसूळ होणं, दातांच्या आवरणावर खळगे, अशा आडवाटेनेच ते कळतं.

तीन वर्षं खरूज समजून उपचार झाले, त्याबद्दल. मी कुणाला दोष देत नाही, चूक सहज होण्यासारखी आहे. रात्री वाढणारी खाज दोन्हींत असते. शिवाय या आजारातले फोड डॉक्टरांना क्वचितच अखंड दिसतात. रुग्ण येईपर्यंत त्याने ते खाजवून फोडलेले असतात, उरतात ते ओरखडे आणि खपल्या. पण खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, जांघेत असते आणि हळूहळू घरभर पसरते. तुमच्याकडे तीन वर्षं एका छपराखाली राहून बाकी कुणालाही खाज नाही, आणि दोन्ही बाजूंना अगदी जोडीने, कोपराला कोपर, गुडघ्याला गुडघा. या दोन गोष्टींनी संशय यायला हवा. माझे रुग्ण आणखी एक गोष्ट हमखास सांगतात: फोड दिसायच्या आधी काही तास त्या जागी आग होते, टोचल्यासारखं वाटतं. फोड फोडला की क्षणभर बरं वाटतं. मिस्टरांना विचारून पाहा.

आणि ती 'आठ दिवस बरं' करणारी ट्यूब. तिच्यात बहुधा जोरदार स्टेरॉइड असतं, त्याबरोबर बुरशीचं आणि जंतूंचं औषधही कालवलेलं. चिठ्ठीशिवाय मिळते म्हणून घरोघरी आहे. तिने खाज दबते, आजार जात नाही, आणि महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसायला लागतात, पांढरट रेघा पडतात. ती आता मनाने लावू नका.

आता गहू आजच थांबवायचा का? नाही. दोन्ही तपासण्या होईपर्यंत नेहमीसारखं जेवू द्या.

रक्तातली टीटीजी-आयजीए नावाची प्रतिपिंडं गहू बंद केल्यावर उतरायला लागतात. काही महिन्यांनी तपासणी 'निगेटिव्ह' येते आणि मग कुणालाच काही ठरवता येत नाही. पुन्हा महिना-दीड महिना गहू खाऊन तपासा म्हटलं, तर एकदा खाज थांबलेला माणूस तयार होत नाही, आणि त्याचं बरोबरच असतं. हे पथ्य जन्मभराचं आहे. जन्मभराची गोष्ट संशयावर सुरू करू नये. टीटीजीबरोबर एकूण आयजीएही मोजून घ्या. काही लोकांत आयजीए मुळातच कमी असतं आणि मग टीटीजी खोटंच नॉर्मल दिसतं. शिवाय या आजाराच्या काही रुग्णांत टीटीजी खरोखरच नॉर्मल असतं, त्यामुळे शेवटचा निकाल कातडीच्या तुकड्यावरच लागतो.

दोन तुकडे का, तर एक ताज्या फोडाच्या जागेचा, साध्या सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी. दुसरा फोडापासून साधारण अर्धा सेंटीमीटर दूरचा, वरून अगदी निरोगी दिसणाऱ्या कातडीचा. या दुसऱ्याच्या तपासणीला डायरेक्ट इम्युनोफ्लुओरेसन्स म्हणतात. त्यात साचलेलं आयजीए हिरवट चमकणाऱ्या कणांसारखं दिसतं, आणि निदान पक्कं होतं ते त्यानेच. १९६९ पासून ही खूण माहीत आहे. तो तुकडा फोडातूनच घेतला तर तिथे जमलेल्या पेशी आयजीए खाऊन टाकतात आणि रिपोर्ट रिकामा येऊ शकतो. तो फॉर्मालिनमध्येही (तुकडे टिकवायच्या नेहमीच्या द्रवात) टाकायचा नसतो, त्याला मिशेल द्रव नावाचं वेगळं माध्यम लागतं. मी नवा असताना माझ्याकडून हीच चूक झाली होती. दोन्ही तुकडे एकाच फॉर्मालिनच्या बाटलीत गेले. त्या गृहस्थांना परत बोलावून पुन्हा सुई टोचावी लागली, आणि तोपर्यंतचे दोन आठवडे त्यांनी तसेच जागून काढले. म्हणून तुम्ही निःसंकोच विचारा: "डॉक्टर, दुसरा तुकडा चांगल्या कातडीतून ना? बाटली वेगळी ना?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

हा रिपोर्ट स्पष्ट आला तर बहुतेक वेळा आतड्याच्या दुर्बिणीची सक्ती नसते. वजन घटत असेल, जुलाब असतील, रक्त फार कमी असेल तर पोटाच्या तज्ज्ञांना दाखवायचं. 'तुम्हाला काय काय चालत नाही' सांगणाऱ्या महागड्या फूड पॅनेल तपासण्यांवर मात्र एक रुपयाही घालवू नका. या निदानात त्यांचा उपयोग नाही.

आता डॅप्सोन. मेडिकलवाल्यांनी सांगितलं ते अर्धं खरं. ही गोळी कुष्ठरोगावर वापरतात आणि तिने लाखो माणसांना बरं केलंय. पण तिचा दुसरा गुण असा की ती न्यूट्रोफिल पेशींचा मारा थोपवते, म्हणून १९५० च्या सुमारापासून ती या आजारातही दिली जाते. परिणाम पाहण्यासारखा असतो. तीन वर्षांची खाज एक ते तीन दिवसांत थांबते. कित्येक रुग्ण चौथ्या दिवशी येऊन फक्त एवढंच सांगतात की काल झोप लागली. खाज इतक्या झपाट्याने ओसरणं हीसुद्धा निदानाला पुष्टी देणारी गोष्ट आहे.

पण ही गोळी मनाने घ्यायची नाही आणि शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर तर मुळीच नाही. सुरू करण्याआधी जी६पीडी तपासणी झालीच पाहिजे. हे एन्झाइम कमी असेल तर डॅप्सोनने तांबड्या पेशी धडाधड फुटतात. पारशी, सिंधी आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता जास्त आढळते, पण तपासणी सगळ्यांचीच करायची. सोबत हिमोग्राम आणि यकृताच्या तपासण्या. डॉक्टर सहसा थोड्या डोसने, २५ किंवा ५० मिलिग्रॅमने सुरुवात करून गरजेनुसार वाढवतात. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला रक्त तपासायचं, मग अंतर वाढवत न्यायचं. हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने उतरणं अपेक्षित असतं, त्याने घाबरून गोळी सोडू नका. ओठ किंवा नखं किंचित निळसर दिसली, दम लागला, ऑक्सिमीटरवर आकडा कमी आला, तर फोन करा.

एक धोका मात्र तारीख लिहून लक्षात ठेवण्याचा आहे. गोळी सुरू केल्यापासून साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात ताप, अंगभर पुरळ, मानेत गाठी, डोळे पिवळे, असं काही झालं तर गोळी त्याच क्षणी बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. व्हायरल असेल म्हणून क्रोसिन घेऊन वाट पाहायची नाही. पहिल्या तीन महिन्यांत घसा फार दुखून ताप आला, तोंडात छाले पडले, तरी तेच: पांढऱ्या पेशींची तपासणी त्याच दिवशी. हे क्वचित होतं, पण होतं. अजून एक, मधुमेह असेल तर डॅप्सोन चालू असताना तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा खोटाच कमी दिसतो. तेव्हा नुसत्या त्या रिपोर्टवर खूश होऊ नका.

आणि आता जे मला खरं सांगायचंय ते. डॅप्सोन आतड्याला काहीही करत नाही. साचलेलं आयजीए तसंच राहतं, अंकुर झिजतच राहतात, गोळी सोडली की चार दिवसांत खाज परत. माझ्याकडे वर्षानुवर्षं गोळीवर आनंदात असलेले रुग्ण आले आहेत. पोळी चालू, गोळी चालू, आणि रक्त दरवर्षी थोडं कमी. मला ते मान्य नाही. दीर्घकाळ दुर्लक्ष केलं तर आतड्याच्या लिम्फोमाचा (एका प्रकारच्या कॅन्सरचा) धोका थोडा वाढतो. पथ्य नीट पाळलं तर तोही खाली येतो. गोळी ही पथ्याचा गुण येईपर्यंत झोप मिळावी म्हणून. पथ्याचा गुण कातडीवर दिसायला काही महिने जातात, आणि गोळी कमी करत पूर्ण सुटायला कित्येकांना दोन वर्षंही लागतात. 'दोन महिने गहू सोडला, काही फरक नाही' म्हणून परत पोळीकडे वळलेले लोक याच टप्प्यावर हरलेले असतात.

पण ताई, या आजाराला महाराष्ट्रातलं घर जगातल्या कुठल्याही घरापेक्षा सोयीचं आहे. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राळं आहे. मार्केट यार्डातल्या भुसार दुकानात मालदांडी शाळू मिळतो, मावळचा इंद्रायणी मिळतो. भाकरी-पिठलं, वरण-भात, घावन, इडली, पोहे, उकडीचे मोदक, अनारसे, बेसनाचे लाडू, सगळं चालतं. उपवासाचे पदार्थ तर जवळजवळ सगळेच: साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, रताळं. माझ्या रुग्णांना मी सांगतो, बाहेर अडचणीत सापडलात तर 'उपवास आहे' म्हणा.

अडचण पोळीत नाही, ती डोळ्यांना दिसते. अडचण न दिसणाऱ्या गव्हाची आहे.

सगळ्यात मोठी जागा गिरणी. गव्हाच्या पाठोपाठ त्याच चक्कीत तुमची ज्वारी दळली की पहिल्या किलोत कणीक उतरते. मोठ्या गिरण्यांत ज्वारी-बाजरीची चक्की कधी कधी वेगळी असते, तिथेच दळा. जमत असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गव्हाचा दाणाही पडू देऊ नका. मिस्टरांसारखेच एक गृहस्थ आठ महिने अगदी काटेकोर पथ्य करून पुन्हा पुन्हा फोड घेऊन येत होते. डॅप्सोन वाढवावी की काय अशा विचारात मी होतो. शेवटी त्यांच्या आईंना सगळा स्वयंपाक पहिल्यापासून सांगायला लावला. दळण निघालं. गिरणी बदलली आणि चार महिन्यांत कोपरं कोरडी झाली.

मग डबीतला हिंग. आपण वापरतो तो बहुतेक बांधलेला असतो आणि बांधायला मैदा वापरलेला असू शकतो. डबीवरचे घटक वाचा, गव्हाचा उल्लेख असेल तर तांदळाच्या पिठावर किंवा डिंकावर बांधलेला शोधा. थालिपिठाच्या भाजणीत गहू असतो. कुरडई हा तर गव्हाच्या चिकाचाच पदार्थ, पण पापडांच्या डब्यात बसल्यामुळे लक्षात येत नाही. सातूचं पीठ बंद. रवा, शेवया, दलिया, लापशी बंद. भाकरी नीट थापली जावी म्हणून त्यात मूठभर कणीक घालायची सवय काही घरांत असते, ती विचारून घ्या. चायनीज गाड्यावरच्या सोया सॉसमध्ये गहू, माल्टच्या पेयांत आणि बिअरमध्ये जव. फरसाणात पापडी मैद्याची, आणि ज्या तेलात समोसा तळला त्यात तळलेली बटाट्याची भजीही नको.

खपली गव्हाबद्दल सध्या मला आठवड्यातून एकदा तरी कुणी विचारतं. 'पचायला हलका, ग्लुटेन कमी, चालेल ना?' नाही चालणार. खपली हाही गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे. लोकवन, सिहोर, सेंद्रिय, जात्यावर दळलेला, काहीही असो, या आजारात गहू तो गहूच. ओट्समध्ये बहुधा वाटेतच गहू मिसळलेला असतो, पहिलं वर्ष ते बाजूला ठेवा. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं असेल तर आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, त्या शब्दावर भरवसा ठेवायला हरकत नाही. पण तसली बिस्किटं महाग आणि बहुतेक गोडच. भाकरी स्वस्त आहे.

एका घरात पोळी आणि भाकरी दोन्ही होत असतील तर ह्यांच्यासाठी परात, तवा, पोळपाट वेगळे. आणि भाकरी आधी, पोळ्या नंतर, कारण लाटताना लावायची पिठी ओट्यावर सगळीकडे उडते. सासूबाईंना वेगळेपणा पाळायचाच असेल तर तो ताटाचा नको, परातीचा पाळू द्या. तो उपयोगाचा आहे. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पहिलं वर्ष डबाच न्या.

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा हा प्रश्न लोक मला संकोचत विचारतात. चमचाभर शिऱ्याने जीव जात नाही, पण दर पंधरा दिवसांनी चमचाभर म्हणजे पथ्य नाहीच. प्रसादातलं केळं किंवा तीर्थ घ्या, नमस्कार करा. तुमच्या घरच्या पूजेला शिरा वरीचा करा.

दोन गोष्टी चटकन सांगतो. पोटॅशियम आयोडाइड असलेलं खोकल्याचं औषध आणि काही वेदनाशामक गोळ्या यांनी फोड उसळू शकतात, म्हणून कुठलंही नवं औषध घेताना हा आजार सांगा. घरातलं आयोडिनचं मीठ मात्र एरवी बंद करायची गरज नाही. आणि लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड एकदा तपासून घ्या. थायरॉइडचे आजार या रुग्णांत जास्त दिसतात.

मुलांचं. कातडीचा हा आजार मुलांना होईलच असं नाही, पण आतड्याचा सीलिअॅक सख्ख्या नात्यात, म्हणजे आईवडील, भावंडं, मुलं यांत, दहातल्या एकापर्यंत सापडतो. मिस्टरांचं निदान पक्कं झालं की दोघांचीही टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए करून घ्या, एकदा रक्त दिलं की झालं. मुलगी ठेंगणी आहे असं तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंत, मी तिथेच थांबलो. उंची न वाढणं ही लहान मुलांतली या आजाराची एक मोठी खूण आहे. कित्येकदा त्याशिवाय दुसरी कुठली खूण नसतेच. तुम्ही दोघं ठेंगणे असाल तर कारण साधंही असेल. पण तिच्यासाठी वडिलांच्या रिपोर्टची वाट पाहू नका. या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांकडून तिची उंची-वजन तक्त्यावर मांडून घ्या, त्या दोन रक्त तपासण्या आणि हिमोग्लोबिनही करून घ्या. आणि ते रक्त जाईपर्यंत तिच्या डब्यातली पोळी बंद करू नका.